पत्ता नसलेलें घर

(नभोवाणीवरील भाषण)

"आपला पत्ता काय?" हा प्रश्न माणसाला जन्मभरांत किती वेळां विचारला जातो याची गणती कोणीं ठेविली आहे? शाळेंत नांव घालतांना, शिधापत्रिका काढतांना, मुलीचें लग्न ठरवितांना, फार काय, रुग्णालयांत खाटेवर पडल्यावरसुद्धां तो चुकत नाहीं. मी पंचवटींत राहतों. माझ्या घराला महानगरपालिकेचा क्रमांक आहे, गल्लीला नांव आहे आणि टपालासाठीं ४२२००३ हा पिन कोड आहे. पोस्टमन कित्येकदां पाकिटावरचें नांव पुरतें न वाचतांच पत्र माझ्या ओटीवर ठेवून जातो. असें असतां दोन वर्षांपूर्वीं एका तेवीस-चोवीस वर्षांच्या तरुणानें त्याच ओटीवर बसून मला सांगितलें, "काका, तुमच्या घराला पत्ताच नाहीं." आजचें माझें भाषण त्या एका वाक्यांतून निघालें आहे.

हकीकत अशी झाली. मी सदतीस वर्षें शाळामास्तर होतों. आमच्या शाळेंत मुलांचें एक हस्तलिखित मासिक निघत असे. त्याचे बावीस वर्षांचे अंक माझ्या कपाटांत होते. निवृत्त झाल्यावर त्यांचा कागद ठिसूळ होत चाललेला पाहून मीं पानापानाचीं छायाचित्रें काढून तीं संगणकांत सांठविलीं. ही बातमी जुन्या विद्यार्थ्यांत पसरली, तेव्हां त्यांतील एकाचें कॅनडाहून पत्र आलें. त्याचा धाकटा भाऊहि माझाच विद्यार्थी. १९९४ च्या सुमारास तो या मासिकांत लिहीत असे. पुढें ऐन तारुण्यांत तो गेला आणि त्याच्या हातचा एकहि कागद घरांत उरला नाहीं. अडचण एवढीच होती कीं, मुलें टोपणनांवानें लिहीत. कोणता लेख कोणाचा हें मला आतां सांगतां येईना. "सर, सगळे अंक मला चाळतां आले तर अक्षरावरून मी त्याला ओळखीन," असें त्यानें लिहिलें होतें.

हजारों पानें पत्रानें कशीं पाठवावीं? शिवाय तें लिखाण मुलांनीं माझ्या स्वाधीन केलेलें. तें परक्या कंपनीच्या कोठारांत नेऊन ठेवण्यास माझें मन घेईना. म्हणून मीं ठरविलें कीं, एक लहानसा संगणक घरींच रात्रंदिवस चालूं ठेवावा, जुन्या विद्यार्थ्यांना एक गुप्त परवलीचा शब्द द्यावा, आणि त्यांनीं आपापल्या गांवीं बसून माझ्या घरांतील हें कपाट उघडावें. संगणक आला. माझ्या घरचें इंटरनेट मोबाइलच्या मनोऱ्यावरून येतें. आमची गल्ली अरुंद, तेथपर्यंत तार पोंचलेली नाहीं, म्हणून गच्चीवर एक पेटी बसविलेली आहे. तिच्यावर नातवंडें चित्रपट पाहतात, मी वर्तमानपत्रें वाचतों, सर्व कांहीं सुरळीत चालतें. परंतु बाहेरून कोणालाहि माझ्या संगणकापर्यंत येतां येईना. तेव्हां जाणत्या तरुणाला बोलावलें आणि त्यानें वरील निदान केलें. "बाहेर जायला रस्ता आहे काका, आंत यायला नाहीं."

इतिहासाच्या मास्तराला अशा वेळीं एकच खोड असते. हें असें कां झालें, आणि केव्हांपासून झालें, याचा शोध घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाहीं. तो शोध मी आज आपणांपुढें ठेवतों.

इंटरनेट म्हणजे जगांतील संगणकांना एकमेकांशीं जोडणारें जाळें. त्यांतून माहितीचे लहान लहान लखोटे सारखे जात-येत असतात. प्रत्येक लखोट्यावर पाठविणाराचा आणि घेणाराचा असे दोन पत्ते आंकड्यांत लिहिलेले असतात. या आंकडी पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. जो पत्ता साऱ्या जगांत एकमेव असतो, आणि म्हणून ज्यावर जगांतील कोणीहि लखोटा पाठवूं शकतो, तो सार्वजनिक अथवा पब्लिक पत्ता. माझ्या घराला नव्हता तो हा.

आंकड्यांनीं ठिकाण सांगण्याची कल्पना आपणांस अपरिचित नाहीं. आमच्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्यें १९२६ सालापासून पोस्टाचीं तिकिटें छापलीं जाऊं लागलीं. पण तिकीट लावलें म्हणजे पत्र पोंचलेंच असें होत नसे. एकाच नांवाचीं गांवें अनेक, लिपी अनेक आणि अक्षरें तर विचारूं नयेत अशीं. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजीं पिन कोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या महाराष्ट्रांतलेच. ते पोस्टखात्यांतील मोठे अधिकारी आणि संस्कृतांत काव्यरचना करणारे पंडित. त्यांनीं सहा आंकड्यांत सारा देश बसविला. पहिल्या तीन आंकड्यांवरून टपालाचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तिहींवरून नेमकें पोस्ट कळतें. ४२२ म्हणजे नाशिक. त्यापुढें ००१ म्हणजे मुख्य कचेरी, ००३ म्हणजे पंचवटी, १०१ म्हणजे नाशिकरोड. या योजनेंतील मला आवडणारी गोष्ट ही कीं, पोस्ट उशिरां उघडलें म्हणून त्याला क्रमांक नाहीं, असें कोणाला ऐकावें लागलें नाहीं. इंटरनेटच्या पत्त्यांचें मात्र तसें झालें नाहीं.

त्या जाळ्याचा आरंभ अमेरिकेंत २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं झाला. त्या दिवशीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंतल्या संगणकाकडे पहिला संदेश गेला. पुढें १९७४ सालीं व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनीं निरनिराळीं जाळीं एकत्र जोडण्याची रीत मांडली. १९७७ च्या सुमारास प्रश्न आला कीं, पत्त्याचा क्रमांक केवढा लांब ठेवावा? शून्य व एक या दोनच अंकांनीं तो लिहावयाचा. कोणी म्हणाले असे बत्तीस अंक पुरे, कोणी म्हणाले एकशें अठ्ठावीस असावेत, कोणी म्हणाले लांबी ठरवूंच नये. वाद मिटेना. त्या वेळीं या संशोधनाची सूत्रें अमेरिकन संरक्षणखात्याच्या एका शाखेमार्फत सर्फ यांच्या हातीं होतीं. त्यांनीं बत्तीस अंकांचा निर्णय दिला. बत्तीस अंकांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. प्रयोगाला एवढे पुष्कळ झाले, असा त्यांचा हिशेब होता. सर्फ यांनींच पुढें अनेकदां सांगितलें आहे कीं, तो प्रयोग कधीं संपलाच नाहीं. सप्टेंबर १९८१ मध्यें हा नियम ग्रंथित झाला आणि १ जानेवारी १९८३ पासून सगळें जाळें त्यावर चालूं लागलें.

चारशें एकोणतीस कोटि ही संख्या तेव्हां अफाट वाटली आणि वांटणीहि त्याच हातानें झाली. रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांजवळ यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात, तशी या पत्त्यांची नोंदवही जॉन पोस्टेल नांवाच्या एका गृहस्थांजवळ असे. १९९८ सालीं ते वारले, तोंपर्यंत तें काम त्यांनीं निष्ठेनें केलें. पत्त्यांचे गट तीन मापांचे होते. लहान गट २५६ पत्त्यांचा, मधला ६५,५३६ चा आणि मोठा १,६७,७७,२१६ चा. लहान गट पुरत नाहीं म्हणणाराला मधला, आणि तोहि पुरत नाहीं म्हणणाराला मोठा मिळे. मॅसॅच्युसेट्स येथील एम्.आय्.टी. या एका शिक्षणसंस्थेला एक सबंध मोठा गट मिळाला. मोटारी करणाऱ्या फोर्ड कंपनीलाहि तसाच मिळाला. यांत कोणाची लबाडी होती असें मी म्हणत नाहीं. पंगतींत पहिल्या पानांवर वाढणाराला मागच्या पंगती दिसत नाहींत, इतकेंच.

त्या मागच्या पंगतींत आपण होतों. भारतांत १९८६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें 'अर्नेट' हें शिक्षण व संशोधनसंस्थांचें जाळें सुरू झालें. मुंबईची आय्.आय्.टी. आणि जुहू येथील एन्.सी.एस्.टी. ही संस्था त्यांतील आरंभींच्या मंडळींपैकीं होत. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमामार्फत. तेव्हां टेलिफोनच्या तारेवरून कर्कश आवाज करीत जोडणी होई, आणि वेग इतका मंद कीं, एक चित्र उमटेपर्यंत चहा पिऊन व्हावा. परंतु, श्रोतेहो, एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ती जोडणी असेतों त्या घराला सहसा खरा सार्वजनिक पत्ता मिळत असे. उद्यां तो बदले, पण आज तो सर्वस्वीं त्या घराचा असे. आज शेंकडोंपट वेग आला आणि तो पत्ता मात्र गेला.

तो कसा गेला तें पाहूं. १९९० नंतर पत्ते संपणार हें शहाण्यांच्या ध्यानांत आलें. १९९३ सालीं तीन ठराविक मापांची वांटणी बंद करून, लागेल तेवढेंच कापून देण्याची पद्धत आली. १९९४ च्या मे महिन्यांत एजेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनीं एक युक्ति मांडली. तिला 'नॅट' म्हणतात. ही युक्ति समजण्यास जुन्या नाशकांतील वाड्यासारखें दुसरें उदाहरण नाहीं. वाड्याला एकच दिंडीदरवाजा आणि पालिकेचा एकच क्रमांक. आंत मात्र दहा बिऱ्हाडें. त्या बिऱ्हाडांना आंतल्या आंत 'माडीवरचे', 'मागल्या चौकांतले' अशीं नांवें असतात, पण तीं वाड्याबाहेर चालत नाहींत, कारण तशी माडी प्रत्येक वाड्यांत असते. नॅटमध्यें घरांतील सर्व यंत्रांना असेच आंतले, खासगी पत्ते दिले जातात. १९९६ च्या फेब्रुवारींत असे कांहीं आंकडे केवळ आंतल्या उपयोगासाठीं राखून ठेवण्यांत आले. दहा या आंकड्यानें सुरू होणारे पत्ते आणि १९२ व १६८ यांनीं सुरू होणारे पत्ते हे त्यांतले. दरवाजावर एक पहारेकरी असतो. आंतून कोणीं बाहेर लखोटा धाडला कीं, तो आपल्या वहींत टिपून ठेवतो आणि उत्तर आलें कीं नेमक्या बिऱ्हाडांत पोंचवितो. परंतु बाहेरून आपण होऊन कोणी पाहुणा आला, तर त्याला कोणाकडे न्यावें हें पहारेकऱ्याला ठाऊक नसतें. तो त्याला परत लावतो.

तरीहि तोंवर एक सोय होती. वाडा तुमचा, पहारेकरीहि तुमचाच. "अमुक खूण सांगणारा पाहुणा माझ्या खोलींत आण," असें त्याला सांगून ठेवतां येई. खरी अडचण पुढच्या पायरीवर आली.

३ फेब्रुवारी २०११ रोजीं जगाच्या मध्यवर्ती भांडारांतील पत्त्यांचे शेवटचे पांच मोठे गट पांच खंडविभागांना एकेक वांटून दिले गेले आणि भांडार रिकामें झालें. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षीं एप्रिलच्या मध्यास शेवटच्या गटावर येऊन ठेपला. यापुढें नव्या सभासदाला १,०२४ पत्ते, आणि फेब्रुवारी २०१९ पासून तर ५१२ च, असा नियम झाला. त्याच २०११ सालीं नॉर्टेल नांवाच्या बुडालेल्या कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनें ७५ लक्ष डॉलरांस विकत घेतले. पूर्वीं मागेल त्याला फुकट मिळणाऱ्या आंकड्यांना आतां बाजारभाव आला. २०१७ सालीं एम्.आय्.टी.नें आपल्या गटांतील किमान ८० लक्ष पत्ते जादा असून ते विकतां येतील, असें जाहीर केलें. अमेरिकेजवळ आज सुमारें दीडशें कोटि पत्ते आहेत. भारताच्या वांट्यास आलेले सुमारें चार कोटि. आणि आपल्याकडील ब्रॉडबँडच्या जोडण्या नव्वद कोटींच्या वर आहेत. चार कोटि दारें आणि नव्वद कोटि बिऱ्हाडें हें गणित चौथीचा मुलगाहि सोडवील.

कंपन्यांनीं तें असें सोडविलें. एकेका ग्राहकाला वाडा देण्याऐवजीं त्यांनीं शेंकडों वाडे एका मोठ्या वेशीच्या आंत घेतले, आणि त्या वेशीवर आपला पहारेकरी बसविला. याला सीजी-नॅट म्हणतात. एप्रिल २०१२ मध्यें १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास या वेशीच्या आंतल्या वस्तीसाठीं राखले गेले. आतां तुमच्या दरवाजावरील पहारेकऱ्याला तुम्ही कितीहि सांगा, पाहुणा त्याच्यापर्यंत येतच नाहीं. त्याला वेशीवरूनच परत लावण्यांत येतें, आणि वेशीवरचा पहारेकरी तुमचा चाकर नव्हे.

मोबाइलवरून येणाऱ्या घरगुती इंटरनेटला हें दुखणें विशेष कां, असा प्रश्न येतो. मोबाइलचें जाळें खिशांतील यंत्रासाठीं बांधलेलें आहे. त्या यंत्राला नको असलेले लखोटे बाहेरून येऊं लागले तर त्याची बॅटरी उतरेल आणि ग्राहकाला भुर्दंड बसेल. म्हणून तेथें वेस असणें एका अर्थीं सोयीचेंच होतें. २०२३ सालीं मोठ्या मोबाइल कंपन्यांनीं तेंच जाळें गच्चीवरील पेटीच्या द्वारें घरोघर पोंचविण्यास आरंभ केला, तेव्हां खिशाचा नियम घरालाहि लागू झाला. पूर्वीं गांवोगांव पिवळ्या पाटीचे एस्.टी.डी.चे गाळे असत, ते आपणांस आठवत असतील. तेथून जगांत कोठेंहि बोलतां येई, पण कोणाला तुमची आठवण झाली तर तो तेथें तुम्हांला गांठूं शकत नसे. आमचें घर असा एक सुंदर, वेगवान गाळा झालें आहे.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, बिघडलें कुठें? आम्हांला पाहावयास मिळतें, वाचावयास मिळतें. पाहुणे हवेत कोणाला?" या प्रश्नाला मी दोन उत्तरें देतों.

पहिलें उत्तर बेअब्रूचें आहे. आंकडी पत्त्यावरून पोलीस गुन्हेगाराचा माग काढतात. २००७ सालच्या ऑगस्टअखेर बंगळूरच्या एका तरुण संगणक-अभियंत्याला पुणें पोलिसांनीं अटक केली. 'ऑर्कुट'वर छत्रपति शिवाजी महाराजांविषयीं अनुदार मजकूर टाकल्याचा आरोप त्याच्यावर होता. पुरावा काय, तर एक आयपी पत्ता. पुढें असें निघालें कीं, तो पत्ता कोणाचा याची पोलिसांना पुरविलेली माहितीच चुकीची होती. तोंवर तो निरपराध माणूस पन्नास दिवस तुरुंगांत राहिला होता. त्या प्रकरणांत पत्त्याच्या नोंदींत चूक झाली होती, सीजी-नॅटचा तेथें संबंध नव्हता. पण एका माणसाच्या एका पत्त्याच्या नोंदींत जर एवढा घोटाळा होतो, तर शेंकडों घरें एकाच पत्त्यामागें उभीं असतां काय होईल? नुसता पत्ता कळून भागत नाहीं. लखोट्यावरील पोर्ट नांवाचा दुसरा आंकडा आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ असल्याखेरीज त्यांतील माणूस सांगतां येत नाहीं. युरोपच्या पोलीस-संघटनेनें, म्हणजे युरोपोलनें, ऑक्टोबर २०१७ मध्यें ही पद्धत बंद व्हावी अशी उघड मागणी केली ती याचसाठीं. शेजाऱ्याच्या पापाचा संशय आपल्या दारीं येऊं नये, ही कांहीं चैनीची मागणी नव्हे.

दुसरें उत्तर असें कीं, ज्या घरांत कोणी येऊं शकत नाहीं, त्या घराला जगाकडून घेतां येतें, जगाला कांहीं देतां येत नाहीं. द्यावयाचें असेल तर तें आधीं एखाद्या धनवंताच्या कोठारांत नेऊन ठेवावें लागतें आणि तो म्हणेल त्या अटी मान्य कराव्या लागतात. इंटरनेट बांधणारांच्या मनांत प्रत्येक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या बरोबरीचें होतें. आज थोडीं यंत्रें यजमान झालीं आहेत आणि कोट्यवधि घरें नुसतीं जेवणारीं झालीं आहेत. हस्तलिखितांचें माझें कपाट हें लहानसें उदाहरण. असें एखादें कपाट आपणांपैकीं प्रत्येकाच्या घरीं असेल.

मग उपाय काय? प्रथम रोग आहे कीं नाहीं तें पाहावें. आपल्या पेटीच्या आंतल्या पानावर तिला बाहेरून मिळालेला पत्ता दिसतो. तो, आणि 'माझा पत्ता कोणता' हें सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता, हे दोन्ही एकच असतील तर घराला दार आहे. निराळे असतील, किंवा पेटींतला पत्ता दहापासून अथवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकीं कशानें सुरू होत असेल, तर आपण वेशीच्या आंत आहों.

त्यावर पहिला उपाय म्हणजे कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागणें. तारेवरच्या जोडणीला कित्येक कंपन्या निराळें शुल्क घेऊन तो देतात. गच्चीवरील पेटीला मात्र बहुधा मिळत नाहीं. मीं तीनदां मागितला आणि तिन्ही वेळां नम्र नकार मिळाला.

दुसरा उपाय अधिक मूलगामी आहे. पत्ते संपणार हें ओळखून डिसेंबर १९९५ मध्यें नव्या पत्त्यांची योजना प्रसिद्ध झाली होती. तिला आयपी-व्ही-सहा म्हणतात. तींत बत्तीसऐवजीं एकशें अठ्ठावीस अंक आहेत, म्हणजे पत्त्यांची संख्या चौतीसवर सदतीस शून्यें एवढी होते. त्यांत एका घराला सामान्यतः जो सर्वांत लहान गट मिळतो, त्यांतच अठरावर अठरा शून्यांहून अधिक पत्ते असतात. जुन्या पद्धतीच्या सगळ्या जगापेक्षां एकट्या घराचा वांटा मोठा! ६ जून २०१२ रोजीं जगांतील मोठ्या संस्थांनीं ही पद्धत कायमची सुरू केली. आणि येथें मागच्या पंगतीचा एक लाभ आपल्या पदरांत पडला. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओचें जाळें सुरू झालें, तें आरंभापासूनच नव्या पत्त्यांवर बांधलेलें होतें, कारण जुने पत्ते पुरेसे मिळणेंच शक्य नव्हतें. इतर कंपन्याहि त्या वाटेनें आल्या, आणि नव्या पत्त्यांच्या वापरांत भारत आज जगांतील अग्रेसर देशांत मोडतो. तेव्हां आपल्या पेटीला नवा पत्ता बहुधा मिळालेलाच असतो. पेटींतील अडसर काढून त्या एका यंत्रापुरती वाट मोकळी करावयाची, एवढेंच काम उरतें. कांहीं ठिकाणीं कंपनीच आपल्या जाळ्यांत अडसर घालते, तेथें तो काढण्याची मागणी ग्राहकांनीं केली पाहिजे.

आम्हीं तसें केलें. पुण्याच्या एका विद्यार्थ्याला माझें कपाट त्याच रात्रीं उघडलें. पण कॅनडांतील ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्याच्या घरीं अजून जुनेच पत्ते होते, आणि जुन्याला नव्याची भाषा समजत नाहीं. म्हणून तिसरा उपाय केला. मुंबईंत एका संगणकगृहांत सार्वजनिक पत्ता असलेलें एक लहानसें यंत्र दरमहा थोड्या भाड्यानें घेतलें. माझ्या घरचा संगणक आपण होऊन तेथपर्यंत जातो आणि वायरगार्ड नांवाच्या साधनानें एक कुलूपबंद भुयार सतत उघडें ठेवतो. पाहुणा मुंबईच्या पत्त्यावर येतो आणि भुयारांतून पंचवटींत पोंचतो. पानें माझ्याच घरीं राहतात. पूर्वीं ज्याच्या घरीं टेलिफोन नसे तो लग्नपत्रिकेंत शेजाऱ्याचा क्रमांक छापून पुढें 'पी. पी.' अशीं अक्षरें घालीत असे. हा उपाय त्याच जातीचा आहे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. दार म्हटलें कीं त्यांतून चोरहि येतो. सार्वजनिक पत्ता मिळाला कीं कांहीं तासांतच जगभरचीं अपरिचित यंत्रें तो ठोठावून पाहूं लागतात. ज्याला कुलूप लावतां येत नाहीं, नवीं दुरुस्तीपत्रें वेळच्या वेळीं बसवितां येत नाहींत, घरांतील कॅमेऱ्याचा कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द बदलण्याचा ज्याला कंटाळा आहे, त्यानें वेशीच्या आंतच सुखानें राहावें. परंतु तें त्यानें आपल्या इच्छेनें ठरवावें. १९७७ सालीं सातासमुद्रांपलीकडे ठरलेल्या बत्तीस या आंकड्यानें आणि आपण उशिरां आलों एवढ्या एका कारणानें तें त्याच्यासाठीं ठरूं नये. वेलणकरांनीं शेवटच्या पोस्टालाहि क्रमांक दिला. नव्या पद्धतींत शेवटच्या घरालाहि तो देण्याइतके आंकडे आतां आहेत. आपण तो मागितला पाहिजे.

शेवटीं त्या विद्यार्थ्याची गोष्ट. गेल्या श्रावणांत तो दोन रात्री माझें कपाट चाळीत होता. तिसऱ्या दिवशीं त्याचें पत्र आलें. गोदावरीच्या पुरावरचा निबंध त्याला सांपडला, आणि आणखी दोन, ज्यांची त्याला कल्पनाच नव्हती. त्यांतल्या एकाच्या समासांत माझ्या हातची तांबड्या शाईची खूण होती, "शुद्धलेखन सुधारावें." त्यानें विचारलें होतें, "सर, ही तीन पानें माझ्या आईला छापून देऊं काय?" मीं लिहिलें, "अवश्य दे. माझी तांबडी शाई मात्र पुसून दे." त्यानें ती पुसली नाहीं, असें मागाहून कळलें.